जनावर : निरंक

पार्सल उघडलं तर लसणाएवढे कांदे.
तपकिरी, अंगावर जाळीची साल,
कोणी सुईनं विणून घातलेली बंडी जणू.
सुचितानं चिठ्ठीत लिहिलेलं :
आई, इथे बर्फ पुरता वितळायच्या आधीच
हे फूल वर येतं, चार बोटांचं, निळं,
आमच्या कॅम्पच्या तारेला लागून.
याला आधी थंडी लागते. तीन महिने.
पाहा जमतं का.

तीन महिने!
आमच्या नागभीडकडे थंडी येते शेकोटीपुरती
आणि उधारीवर आणल्यासारखी परत जाते.

गावात रात्रंदिवस चालणारा फ्रीज एकच :
गुरांच्या दवाखान्यातला, लाळ्या-खुरकुताच्या लशीचा.
रामटेके ड्रेसरला गळ घातली.
त्यानं कांदा हुंगला. "काकू, साहेब आले तं का सांगू?"
मग स्वतःच वहीत लिहिलं :
आवक : कांदे, नग बावीस. जनावर : निरंक.

दसऱ्याला आत गेले, ओल्या कोंड्यात, डब्यात.
धान कापून झालं, चुरून झालं.
मी दर सोमवारी जाऊन झाकण उघडायची,
आजाऱ्याला भेटायला गेल्यासारखी.
पाच सडले.
बाकीच्यांना पांढरी मुळं फुटली, कोवळ्या मिशांसारखी.

संक्रांतीला सांदवाडीत लावले,
वांग्यांच्या पलीकडे, नदीची रेती मिसळून.
पहिल्याच रात्री सायाळ आली.
सकाळी तीन खड्डे, तिरपे, नीटस,
तिच्याकडेही खुरपं असावं असे.
साली तेवढ्या बाजूला ठेवलेल्या.

गाव सल्ल्यांनी श्रीमंत.
देवाजी म्हणाले, रंगीत लुगडी बांधा. बांधली.
मुखरू म्हणाला, सुकटीचं पाणी शिंपा.
शिंपलं, तर आळीतली सगळी मांजरं मुक्कामाला.
कोणी म्हणालं, रात्रभर रेडिओ लावा.
सायाळीनं रेडिओ ऐकत ऐकत
आणखी चार खाल्ले.

मग खुराड्याची जुनी जाळी काढली.
वीतभर खोल : खाली जाळी, बाजूंनी जाळी, वर जाळी,
मधे दहा कांदे.
हात ओरखडले. माती लोटताना मनात आलं,
यांच्या अंगावर जन्मापासूनच जाळी होती,
ती कोणाला अडली?

त्या रात्री खिडकीशी बसून ऐकलं :
काट्यांची खुळखुळ, सुपात हरभरे पाखडावेत तशी,
आणि मग तारेवर नखं.
बराच वेळ.
मी टॉर्च लावला नाही.
दुसऱ्या दिवशी कुंपणाबाहेर सुरणाचे दोन तुकडे ठेवले.
हे गावात सांगू नका.

माघात, एका गुरुवारी,
गवतासारख्या पात्यांत निळं दिसलं.
चिमणीच्या ज्योतीच्या बुडाशी असतं तसलं निळं,
मधे पिवळी रेघ, हळदीचं बोट ओढलेली.
आधी वाकून पाहिलं, मग बसून.
रामटेके तर चक्क पालथा झाला.
"एवढंसंच?" देवाजी म्हणाले,
पण लवकर गेले नाहीत.

अकराच्या उन्हाला ते मिटू लागलं.

रात्री सुचिताचा फोन लागला.
"आलं?"
"आलं. जाळीतून."
ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली,
"इकडेपण तारेच्या आतलीच उरतात, आई.
बाहेरची तुडवली जातात."
मी विचारलं, जेवलीस का.

चैत्रात जाळी उपसली.
एकेका कांद्याचे आठ-दहा झालेले, तांदळाएवढे,
यंदा तर नाहीच, पुढच्या सालीही फुलतील असं नाही.
तारेत एक काटा अडकलेला होता,
काळा-पांढरा, टोकदार, लांब.
त्याच्याच टोकानं मी पिल्लं एकमेकांपासून सोडवली
आणि डबा घेऊन दवाखान्यात गेले.

रामटेकेनं वही उघडली.
पेन हातात धरून तो बघत राहिला
कधी डब्याकडे, कधी काट्याकडे.