उतरला

म्हापशाच्या माझ्या छापखान्यात खिळे कुणाचा धर्म विचारत नाहीत.
सकाळी सत्यनारायणाची आमंत्रणं, दुपारी तियात्राची जाहिरात,
आणि दिवेलागणीला शिवोलीचे पाद्र विगार, घामेजलेले,
हातात चार कागद.
फेस्ताच्या पुस्तिकेत सतमानणी हवी,
नागरीत, मोठ्या टायपात, म्हाताऱ्यांना दिसेल अशी.

पण यातली कुठली?
एक लॅटिन, एक पोर्तुगीज, एक रोमीतली कोंकणी,
चौथी त्यांच्याच हातची, मराठी, खाडाखोडीने भरलेली.
शेजारी शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी;
फक्त एकीच्या हाताला एक बोट जास्त.

चहा बशीत ओतत ते सांगत राहिले:
सुरुवातीला हे कागदावर लिहायचंच नसे,
बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभं राहून तोंडपाठ म्हणायचं.
म्हणून गावागणिक निराळं झालं,
घरागणिक शाकुती निराळी होते तसं.
मग बादशहाने बिशप गोळा केले,
पुत्र पित्याशी एकतत्त्व की समतत्त्व,
ग्रीकमध्ये फरक म्हणे एका अक्षराचा,
एका उभ्या रेघेएवढ्या अक्षराचा.
आणि त्या रेघेपायी माणसं हद्दपार झाली.

मी हसलो नाही.
एका तुटक्या वेलांटीपायी
लग्नपत्रिकांचा अख्खा गठ्ठा मी परत घेतला आहे.

पान भरत आलं तेव्हा त्यांनी पेन्सिल उचलली.
'मेलेल्यांत खाली उतरला', ही ओळ जाऊ द्या,
रोमच्या सगळ्यात जुन्या पाठात ती नाही,
निकेयाच्यातही नाही.
मी ओळ सोडवली.
खिळे आपापल्या खणात पडले, नेहमीच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी मुद्रित न्यायला कितेरी आली,
कपेल झाडणारी.
नागरी येत नाही, म्हणाली, तू वाच.
मी वाचू लागलो, तिचे ओठ माझ्यामागून.
मेला, पुरला गेला,
तिसऱ्या दिवशी उठला,
माझा आवाज वर चढला
आणि तिचे ओठ खालीच राहिले.

"बाब, देंवलो खंय गेलें?"

मी पाद्रींचं सांगितलं, जुना पाठ, रोम, जागा नाही.
तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली,
शापोऱ्याच्या मुखाशी माझा इनास बुडाला,
सतरा दिवस.
होड्या आल्या, पाणबुडे आले, पोलीसही आला,
सगळे काठावरून परतले.
खाली गेलेला तो एकटाच.
आणि तुम्ही त्यालाच काढून टाकलंत?

आमच्याकडे पिंडाला कावळा शिवला की भागतं.
मला या वादात पडायचं कारण नव्हतं.
तरी तिने कागद घडी केला नाही तोवर
मी खण उघडला होता.
उ, त, र, ला.
पोदेराच्या जाहिरातीतला एक गिलावा, म्हणजे
'ताजे, खमंग, वेळेवर', उडवला
आणि जागा झाली.

पाद्रींनी छापलेलं पान उजेडात धरलं.
बोट त्या ओळीवर थांबलं,
मला वाटलं आता पैसे कापतील.
म्हणाले, ही पण जुनीच आहे,
आक्विलेया नावाच्या गावची.
बंदराचं गाव होतं ते.
मग बराच वेळ पान तसंच धरून,
तिथून समुद्र आता मागे सरला आहे म्हणतात.