करंगळीएवढी धार

दफनभूमीला इथं भिंत असते, फाटक असतं,
आणि फाटकाच्या आत, डाव्या हाताला, नळ.
हे सोलांजला पहिल्याच वर्षी कळलं.

पाववाल्याची जुनी व्हॅन, मागं खाट,
खाटेखाली तीन कॅन.
निळा पिण्याचा, बाकीचे कशाचेही.
पेट्रोलपंपावरच्या पाण्याला रबरी पाइपाचा वास.
कॅम्पिंगच्या पाण्याचा चहा म्हणजे
पोहण्याच्या तलावात बुडवलेली पुडी.
मागं एका गावात कारंज्यावर पाटी होती: पिण्यास अयोग्य.
गावकरी खुशाल बाटल्या भरत होते.
तिनंही अर्धा पेला घेतला.
दोन दिवस व्हॅन जागची हलली नाही.

आज ती आधी ओंजळ भरते,
तोंडात घोळवते, थुंकते.
लोखंड.
"ते फुलांसाठी, मादाम."
शेवंतीच्या कुंड्या पुसणारी म्हातारी वळूनही बघत नाही.
"धोबीघाटामागं जा. तिथं दगडातून येतं.
आमच्या गास्पारला शेवटी तेच हवं होतं.
वाइन नको म्हणाला. गास्पार!"

दगडातून धार, करंगळीएवढी.
कॅन भरायला चाळीस मिनिटं.
सोलांज बसून राहते, पाय ओले, गार.
बारा गावचं पाणी प्यालेली बाई.
बारा कसली, वहीत एकशे सहा नोंदी आहेत,
गावाचं नाव, पुढं चव:
खडू. गंज. शाळेतली पाटी.
एका ठिकाणी नुसतं, शी.

आज पेन्सिल अडते.
"काहीच नाही" लिहिते. खोडते.
मग लिहिते: गास्पार.

निळ्या कॅनचं झाकण दोनदा पिळते.
पुढं सगळा उतार आहे.