दहा बाय पाच

वणा नदीच्या पुलाअलीकडे, जिनिंगच्या भिंतीला लागून
माझं फ्लेक्सचं दुकान.
रात्री मशीन चालते तेव्हा
राजे बाहेर येतात हळूहळू, डोक्याकडून.
आधी फेटा, मग कपाळ,
सर्वांत शेवटी जोडलेले हात.

वैरागड्यांच्या घरात खुर्चीवर जो बसेल
तो आबासाहेब.
आजा आबासाहेब, बाप आबासाहेब,
आता देवानंद आबासाहेब.
बापाच्या तेरवीलाच मला म्हणाला,
नाव तेच ठेव, फोटो बदल.

भासारकर सर बी.ए.ला शिकवायचे
नाईलच्या काठचं एक ग्रीक घराणं.
जवळपास तीनशे वर्षं, गादीवरच्या राजांचं नाव एकच.
‘मंग ओळखायचे कसे, सर?’
‘बिरुदावरून. मातृप्रेमी. पितृप्रेमी. भगिनीप्रेमी.’
आणि फळा पुसता पुसता, हळूच :
ज्यानं मायला मारवलं तो पितृप्रेमी.
घरचं राज्य घरात राहावं म्हणून
ज्यानं बहिणीशीच लग्न लावलं, तो भगिनीप्रेमी.
मागच्या बाकावर आम्ही खिदळलो.
परीक्षेत आलंच नाही.

यंदा सरपंचपद महिलेला सुटलं.
देवानंदनं बायकोचा फोटो आणला.
निळकंठनं मायचा.
आणि दोन वर्षांपासून माहेरीच राहणारी रत्नमाला,
जिचं नाव यादीत परत लागल्याचं
भावांना कुणी सांगितलंच नव्हतं,
स्वतःचाच घेऊन आली, पासपोर्ट साइज.
‘दहा बाय पाच कर भाऊ.
फुटला तरी चालते.’

तिन्ही फ्लेक्सवर वरच्या कोपऱ्यात
तेच मेलेले आबासाहेब.
एकात उजवीकडे पाहतात, एकात डावीकडे.
मी नुसता आरसा मारला होता.
तिसऱ्यात समोर पाहतात.
तो फोटो आधारकार्डाचा आहे.

अर्जांची छाननी होती त्याच दिवशी
अनसूयाबाईला पंचाहत्तर लागलं.
निळकंठनं चौकात मंडप घातला,
बॅनरवर लिहून घेतलं, मातृभक्त.
देवानंदकडून पेढ्याचा बॉक्स आला.
वर पेढे. खाली कागद :
गोठ्याचं अतिक्रमण सरकारी जागेवर,
सबब अर्जावर हरकत.
गोठा देवानंदनंच बांधला होता,
सिमेंट मीच आणून दिलं होतं त्याला हिंगणघाटहून.

सर सांगायचे, त्यांच्यातल्या एका राजानं
बहिणीच्या वाढदिवसाला पेटी पाठवली होती.
ती बहीणही आणि राणीही.
पेटीत तिचंच लेकरू होतं. तुकडे.
तेव्हा वर्गात कोणी हसलं नाही.

अनसूयाबाईनं चष्मा पुसून कागद वाचला,
घडी घातली, पदरात खोचला.
मग पेढा खाल्ला.
म्हणाली, वेलची कमी पडली.

रत्नमाला अकरा मतांनी पडली.
खुर्चीवर सुनबाई, खुर्चीमागे देवानंद.
शपथेच्या दिवशी तिनं काय बोललं
ते कोणाला ऐकू आलं नाही,
माइक त्याच्या हातात होता.

आता मायचा फ्लेक्स त्याच गोठ्यावर ताणला आहे.
खालून पाहिलं की उलटी दिसते,
कपाळावर तुरीचा भुसा,
आणि म्हैस उभी राहते बरोबर
‘आपला वारसा, आपला विश्वास’च्या खाली.

मी कुणाला काय बोलू?
मागच्या राखीला आमची बेबी आली होती.
दुकानाची जागा बापाच्या नावानं, नमुना आठवर.
राखी बांधून झाली, आरती झाली,
मग मी हक्कसोडाचा कागद पुढं केला.
पेन माझाच होता.
‘कुठं करू दादा?’ म्हणाली,
आणि मी बोट ठेवलं.

परवा तिच्या लेकाचं बारसं.
फुकट करून देतो म्हटलं, आठ बाय चार.
मधोमध बाळ, भोवती फुगे,
नाव लिहायची जागा कोरी,
खाली ठळक : शुभेच्छुक, लाडका मामा.
लाल जरा जास्तच उतरला.

रात्रीचे दोन. मशीन चालू.
फेटा आला, कपाळ आलं.
हात यायचे आहेत अजून.