चुना कमी

एकवीस वर्षं लष्करात, जयेंद्रगंजच्या तळघरात
लाल दिव्याखाली
लोकांची हाडं धुतली मी,
चिमट्याला टांगून वाळवली.
ऊन वर रस्त्यावर असायचं.

मग जिना जड झाला.
"बदकासारखी काय चालतेस, पद्मजा?" नणंद हसली.
वर्षभर वाताचं तेल चोळलं.

शेवटी माझीच फिल्म उजेडाला धरली:
मांडीच्या हाडात फिकट रेघ.
डॉक्टर आंग्रे म्हणाले, ठिसूळ नाही, मऊ पडलंय;
विटा आहेत, चुना कमी.

आता आठवड्याला एक पुडी, दुधातून,
रोजच्या गोळ्या,
आणि अकराचं ऊन.
गच्चीवर बाह्या वर सारून बसते,
शेजारी उडदाचे पापड.
आम्हां सगळ्यांनाच कडक व्हायचंय.

काल तीन पायऱ्या
कठडा न धरता.
चौथीला धरला.