चपलेचं बेट

सत्तावीस वर्षं इंजिन चालवलं ह्यांनी
आणि होडी पाण्यात उतरली तेव्हा कळलं,
ह्या माणसाला वळवता येत नाही.
रुळावर वळवायचं काय असतं?
रूळ वळतात, इंजिन मुकाट जातं.
म्हणून सुकाणू माझ्याकडे.
मी लुना चालवलीय, वरणगाव ते फॅक्टरी, अकरा वर्षं;
खड्डा चुकवायचा तर खड्ड्याकडे बघायचं नाही,
एवढं मला येतं.

होडी जुनी, रोहिदास भोयाची,
तळाला डांबर, कडेला कुणाचं तरी नाव खरवडलेलं.
शीड मी शिवलं,
केळीच्या घडांना घालतात त्या निळ्या पिशव्या उसवून,
एकशे बारा तुकडे, दुहेरी टीप.
वारा भरला की अजून
चिकाचा वास येतो त्याला.

पहिल्या दिवशी हतनूरच्या काठावर
धुणं धुणाऱ्या बायांनी हात थांबवले.
"कुठी चालले, तोतारामभाऊ?"
ह्यांनी हात वर केला,
गार्डाला दाखवतात तसा.
कुठी ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.

वारा कुठला, हे दीपनगरची चिमणी सांगते.
धूर आपल्याकडे झुकला की शीड सोडायचं,
धूर सरळ उभा राहिला की डबा.
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा,
आणि भर पाण्यात खिळलेली होडी.
हे सारखे घड्याळ बघतात.
"किती लेट?" मी विचारते.
"चाळीस मिनिटं," म्हणतात,
आणि मग स्वतःच हसतात,
कारण वाट बघणारं स्टेशनच नाही पुढे.

नकाशा काढलाय ह्यांनी,
जुन्या टाइमटेबलच्या पाठीवर, लाल-निळ्या पेन्सिलीने.
हे बेट पहिलं:
उतरले आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेले,
मी वल्ह्याने ओढून काढलं,
डाव्या पायातली चप्पल तिथेच राहिली.
म्हणून ते चपलेचं बेट.
त्याच्या पुढे रुसव्याची खाडी;
तिथे एक अख्खी दुपार आम्ही बोललो नाही,
कशावरून, ते नकाशात लिहिलेलं नाही.
मग चांगदेवाचा संगम, तो आधीपासूनच होता,
त्याला नाव देण्याची आमची काय टाप.
तिथे उतरून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली.
राख उडून शिडाला एक भोक पडलं,
त्यातून मला पौषातली पहिली चांदणी दिसली.

त्या रात्री वाराच आला नाही.
कादंब पाण्यावर झोपले होते, हिमालय ओलांडून आलेले,
आम्ही वरणगावहून आलेलो,
दोघांचीही वल्ही सारखीच दुखत असणार.
दूर बोदवडच्या अंगाला एक हॉर्न वाजला.
"मालगाडी," हे अंधारात म्हणाले,
"नवीन पोरगा आहे. जास्त दाबतो."
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले,
"मला कधी कुणी सांगितलं नाही
की पाण्याला फाटक नसतं."
मी गोधडीचं टोक त्यांच्याकडे सरकवलं.

चैत्रात पाणी मागे सरलं
आणि नकाशा खोटा पडला.
खाडी आटली, रुसायला जागा उरली नाही.
खोडरबर घेऊन बसले हे, पाण्यापेक्षा हळू.
चपलेचं बेट काठाला जोडलं गेलेलं,
त्यावर डांगराचे वेल, मध्ये एक बुजगावणं,
डोक्यावर फुटकं मडकं,
अंगात कुणाच्या लग्नातला सफारी,
आणि बांबूच्या एकुलत्या एक पायात
ओळखीची, डावी.

वाडीवाला धावत आला, त्याला वाटलं आम्ही डांगरं चोरतोय.
ह्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.
बुजगावण्यासमोर उभे राहिले, टोपी काढली,
"दुसरी घरी आहे," म्हणाले, "खाटेखाली.
पुढच्या खेपेला आणतो."

येताना वाडीवाल्याने एक डांगर दिलं,
वारा पडला होता,
मी ते मांडीवर धरून बसले
आणि हे वल्हवत राहिले,
थोडे तिरके.