लाँड्रीतला वर्ग

डीनना समारंभासाठी पहिल्या तुकडीचा फोटो हवाय.
नाहीच, म्हटलं. कॅमेरा होता,
फिल्मला पैसे नव्हते.

चौघे होते. युद्धावरून परतलेले,
हेलिकॉप्टरच्या दारात बसून
धमन्या चिमटीत धरलेले हात,
आणि इथे, नॉर्थ डकोटात,
कुणी त्यांना ताप मोजू देईना.

वर्ग भरायचा इस्पितळाच्या जुन्या लाँड्रीत.
पाइपांतून वाफ गळायची,
शरीरशास्त्राच्या वह्या पावासारख्या फुगायच्या.
हजेरी मी टाईप करायचे.
हुद्द्याच्या रकान्यात काय लिहू?
डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे.
सध्या कोरा ठेव, डॉ. लिंडक्विस्ट म्हणाले.

ऑर्विल ट्वेट जानेवारीतच निघून गेला.
टाके घालताना त्याला कुणीतरी हाक मारायचं.
त्याची खुर्ची आम्ही हलवली नाही,
तिच्यावर कोट टाकत राहिलो.

डेलमार हाउगेन गेला कॅनडाच्या सीमेजवळ,
जिथे डॉक्टर महिन्यातून एकदा,
तेही रस्ता उघडा असला तर.
पहिल्याच हिवाळ्यात, रात्री दोनला, त्याचा फोन:
मुलगी झाली. आडवी होती. फिरवली.
मग बराच वेळ तारेतून नुसता वारा.

आता काचेची इमारत आहे,
अर्ज येतात हजारांनी.
काल रजिस्टर दिलं डीनना.
पहिल्या पानावर चार नावं,
समोर चार कोऱ्या चौकटी.
भरून टाकू का, विचारत होत्या.
नको, म्हटलं,
तेवढ्यावरच कामाला लागले होते ते.

ती खुर्ची पुढे कुठे गेली,
मला खरंच आठवत नाही.