हलायला जागा

अठ्ठावीस वर्षं मी तिकिटांना भोकं पाडली.
सांगली–तासगाव, सांगली–जत,
शेवटी शेवटी नुसतं सांगली–इस्लामपूर.
मग मशीन आलं, चिमटा डेपोत जमा झाला,
अंगठ्याच्या बुडाशी घट्टा तेवढा राहिला.

कुपवाडच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
दस्तगीर शिकलगारांनी तोच घट्टा दाबून पाहिला.
"हात कोरा न्हाई तुमचा, कंडक्टरबाई," म्हणाले
आणि कानस दिली.
आठवडाभर नुसती कानस.
लोखंडाचा एक ठोकळा, त्याच्या बारा कडा.
पुढं जाताना दाबायचं, मागं येताना उचलायचं,
एवढंच.
हे एवढंच खांद्याला कळायला
मंगळवारचा सोमवार झाला.

पत्र्यापलीकडं तातोबा सुतार.
त्यांचं लोखंडाशी पटत नाही, भाईंचं लाकडाशी.
मधल्या पत्र्याला एक खिडकी,
तिच्यातून चहा येतो आणि शिव्या जातात.

तातोबांनी एक तुळई काढून दिली,
यार्डाजवळचं जुनं गोदाम पाडलं त्यातली, सागवानी.
रंधा मारला आणि मला शिंक आली.
पहिली साल पिवळी. दुसरीही.
तिसरीला रंग गेला, वास गेला नाही.
किती हंगामांची हळद त्या लाकडानं
कोणाला न सांगता ओढून घेतली होती.
अंगावर एक आडवी काळी रेघ,
पूर इथवर आलेला.
मी विचारलं, ही घासून टाकू?
"ती तुमची न्हाई. नदीची हाय," तातोबा म्हणाले.
"र्‍हाऊ द्या."

वेल्डिंगच्या काचेआड आधी सगळा अंधार,
मग एक हिरवट ठिपका, सुईएवढा.
"ठिणग्यांकडं बगू नगा, त्या कुनाच्याच नसत्यात.
डबक्याकडं बगा. वितळलेलं जिकडं जाईल तिकडं जावा."
माझा पहिला सांधा
चिखलातून कोंबडी गेल्यासारखा.
भाई बराच वेळ बघत राहिले.
"चिकाटलंय पन," म्हणाले.

स्टुलाचे पाय लोखंडी, वर ती तुळईची फळी.
स्क्रू मी आवळून आवळून बसवले,
घंटी दिल्यासारखं टिचकी मारून पाहिलं.
तेव्हा खिडकीतून दोघंही एकदम ओरडले,
उभ्या जन्मात पहिल्यांदा एकमतानं:
भोक लांबट करा!
आता उन्हाळाय, फळी आक्रसलीय.
आखाडात फुगंल, लोखंड तर सोडणार न्हाई,
मग ती जाईल कुठं?
फाटंल.

गोल भोक म्हणजे पैसे मिळाले,
विषय संपला, पुढं सरका.
मला तेवढंच येत होतं.
कानशीनं रेटत रेटत मी चार भोकं लांबवली,
प्रत्येकी दोन सूत.
दुपार गेली त्यात.
स्क्रू आता धरतो, पण आवळत नाही.

उरल्या सळया, सायकलचा एक दातेरी चाक-तुकडा,
बाभळीची गाठ, जी तातोबांनी जळणात टाकली होती.
त्यांचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही.
मी सळई वाकवली,
गुडघे सैल, पाय फाकलेले, कंबर डावीकडं.
कवठेएकंदच्या वळणावर मी अशीच उभी असायची,
दांडीला न धरता,
दोन्ही हात सुट्ट्या पैशांत.
गाठ डोक्याच्या जागी बसली.
नाक-डोळे काही केले नाहीत.

भाईंनी पाणसळ लावली.
बुडबुडा पार टोकाला गेला.
"पडंल ती," खिडकीतून तातोबा.
मी बोटानं ढकललं.
ती डुलली,
परत डुलली,
उभी राहिली.

कोणी काही बोललं नाही.
तेवढ्यात चहाचा पोरगा आला
आणि जागा शोधत
किटली सरळ माझ्या स्टुलावर टेकवली.
फळीवर गोल डाग उठला,
पुराच्या रेघेला लागून.
कानशीकडं हात गेला होता,
मग मी कप घेतला.